माद्रिदचे सालगडी संत इसिद्रो: जुन्या पोथीत काय आहे आणि मागाहून काय जोडलं गेलं

रानवाट
बाराव्या शतकातले माद्रिदचे शेतमजूर संत इसिद्रो म्हटलं की एकच चित्र समोर येतं: गुडघे टेकून प्रार्थना करणारा शेतकरी आणि मागे बैलांची जोडी हाकणारा देवदूत. चित्र सुंदर आहे, पण त्यामुळे मूळ मजकूर झाकला जातो.

मूळ मजकूर म्हणजे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातली एक लॅटिन पोथी, चर्मपत्राची, तिसाहूनही कमी पानांची. तिला ‘हुआन दियाकोनोचा कोडेक्स’ म्हणतात. इसिद्रो वारल्यावर शंभराहून जास्त वर्षांनी ती लिहिली गेली, तरी त्यांच्याविषयीचा सर्वांत जुना लेखी आधार हाच. पोथीत त्यांच्या हयातीतले पाच चमत्कार आहेत आणि मरणानंतरचे त्याहून कितीतरी अधिक. हयातीतले थोडक्यात असे:

पहिला दाण्यांचा. हिवाळ्यात इसिद्रो धान्याचं पोतं घेऊन गिरणीकडे निघाले आहेत. झाडावर भुकेली कबुतरं बसलेली दिसतात. ते पायाने आणि हाताने बर्फ बाजूला सारतात, जमीन मोकळी करतात आणि दाणे ओततात. गिरणीवर पोहोचेपर्यंत पोतं पुन्हा भरलेलं. दुसरा नांगरटीचा. तिसरा लांडग्याचा: ते देवळात प्रार्थनेत असताना पोरं ओरडत येतात, लांडगा तुमच्या गाढवामागे लागलाय. ते प्रार्थना पुरी करून बाहेर येतात तर लांडगा मेलेला, गाढव धडधाकट. चौथा हंडीचा: सगळ्यांना वाढून झाल्यावर दारात आणखी एक गरीब येतो, बायको रिकामी हंडी बघायला जाते आणि ती भरलेली निघते. पाचवा बंधुमंडळाच्या (भक्तांच्या संघटनेच्या) जेवणाचा: इसिद्रो उशिरा येतात, सोबत भिकाऱ्यांचा घोळका, आणि त्यांच्यासाठी राखून ठेवलेल्या एका वाट्यात सगळे जेवतात.

पाचांपैकी तीन गोष्टी अन्न वाटण्याच्या आहेत. माझ्या मते इसिद्रोंचं संतपण खरं इथे आहे. दुसऱ्याच्या जमिनीवर राबणारा, स्वतःचं असं फारसं काही नसलेला माणूस पोत्यातून, हंडीतून, पंगतीतल्या आपल्या वाट्यातून देत राहतो. नांगरणारे देवदूत चित्रकारांच्या सोयीचे होते म्हणून पुढे आले.

या पोथीत बायकोचं नाव नाही. जमीनदार इवान दे वार्गास हे नाव नाही. मूल विहिरीत पडलं आणि पाणी वर येऊन ते वाचलं, ही गोष्ट नाही. पराणी (बैल हाकायची काठी) जमिनीत खुपसली आणि झरा फुटला, हीही नाही. हे सगळं नंतरच्या शतकांत जोडलं गेलं.

बांधावरची_बोर
नांगरटीचा प्रसंग पोथीत नेमका कसा आहे? जनाबाईंसोबत विठोबा दळायला बसतो, तसंच काही असेल असं वाटलं होतं.

रानवाट
साम्य आहे, पण एका महत्त्वाच्या ठिकाणी फरक आहे. आजूबाजूचे गडी मालकाकडे चहाडी करतात की हा पहाटे उठून देवळं फिरतो आणि औताला उशिरा येतो. मालक जाब विचारतो. इसिद्रो सांगतात, इतरांच्या मानाने तुमचं धान्य कमी भरलं तर ते माझ्या वाट्यातून भरून देईन. मालकाचं समाधान होत नाही, तो लपून बघायला जातो. इसिद्रो खरोखर उशिरा येतात. मालक चिडून पुढे होतो, तर त्याला शेतात इसिद्रोंच्या जोडीच्या बाजूला आणखी दोन जोड्या नांगरताना दिसतात, पांढऱ्या बैलांच्या. जवळ जातो तोवर त्या नाहीशा होतात. विचारल्यावर इसिद्रो म्हणतात, मी कुणाला मदतीला बोलावलं नाही आणि कुणाला पाहिलंही नाही. मी फक्त देवाला हाक मारतो.

जनाबाईंना विठोबा जात्याशी बसलेला दिसतो, त्या त्याच्याशी बोलतात. इथे ज्याच्यासाठी चमत्कार झाला त्याला तो दिसतच नाही, दिसतो तो संशय घेणाऱ्या मालकाला. आणि या वेळी इसिद्रो मागे प्रार्थना करत बसलेले नाहीत, ते स्वतः नांगर धरून आहेत. चित्रांनी ही बाजू पार पुसली.

औतकाठी
गड्यांची तक्रार खोडसाळ नव्हती, हे औत हाकणाऱ्याला लगेच कळेल. कास्तीयमध्ये, म्हणजे मध्य स्पेनमध्ये, तेव्हा चालायचा तो रोमन पद्धतीचा लाकडी नांगर. भाग जवळजवळ आपल्यासारखेच:

रेहा म्हणजे फाळ. देन्ताल म्हणजे खोडाचा जमिनीतून सरकणारा तळ. तिमोन म्हणजे हळस, पुढे जुवापर्यंत जाणारा लांब दांडा. एस्तेवा म्हणजे रुमणं, हाताने धरायचा मागचा दांडा, त्याच्या वरची मूठ मान्सेरा. तळाला दोन बाजूंना लाकडी कान असतात, ओरेहेरास, ते माती दोन्हीकडे लोटतात. तळ आणि वरचं वाकडं लाकूड यांना जोडणारी पट्टी तेलेरा, तिथे पाचर ठोकून फाळाचा कोन बदलतात. हळशीच्या टोकाला भोकं असतात. जू पुढच्या भोकाशी अडकवलं की फाळ खोल जातो, मागे घेतलं की उथळ चालतो.

हा नांगर माती उलटत नाही, फक्त चिरतो. तास, म्हणजे नांगराने पडणारी चर, वीतभरही खोल जात नाही. दोन तासांमध्ये न फुटलेली पट्टी उरते, म्हणून आडवी नांगरट करावीच लागते. पडीक ठेवलेल्या रानाला पेरणीआधी किमान तीनदा औत लागायचं आणि प्रत्येक पाळीला वेगळा शब्द होता: आल्सार, बिनार, तेर्सियार. पहिली पाळी सर्वांत जड. ओल गेलेली असेल तर ढेकळं निघतात आणि फाळ वर उचलला जातो. ओल जास्त असेल तर माती फाळाला आणि कानांना चिकटते आणि नांगर ओढता ओढवत नाही. त्यासाठी पराणीच्या दुसऱ्या टोकाला लोखंडी खुरपणी असायची, चार-सहा चरी ओढून झाल्या की थांबून तिने माती खरवडायची.

बैलांची खरी ताकद सकाळच्या गारव्यात असते. ऊन चढलं की जोडी ढिली पडते. जमीनही दिवसाच्या कामावर मोजत, एका जोडीची दिवसाची नांगरट म्हणजे एक ओब्रादा. सकाळचा एक तास गेला की ओब्रादा पुरी होत नाही आणि वाफसा (नांगरटीला योग्य ओल) तर थांबून राहत नाही. म्हणून मालकाने जाब विचारणं रास्तच होतं. आणि ‘कमी पडलं तर माझ्या वाट्यातून घ्या’ हे इसिद्रोंचं उत्तर किती मोठं आहे, तेही त्यामुळेच समजतं.

जुनी_पोथी
‘माझ्या वाट्यातून’ म्हणजे ते वाटेकरी होते की सालगडी?

औतकाठी
स्पॅनिशमध्ये अशा माणसाला युगेरो म्हणत, जू धरणारा. मालकाची जोडी, मालकाचं रान, कामाचा मोबदला ठरलेला, बहुधा धान्यात. आपल्याकडे सालदाराला वर्षाचं धान्य ठरवून देत, त्याच्या जवळचं हे नातं. वाटेकरी म्हटलं तर जोखमीत भागीदारी आली आणि निर्णयाचा थोडा अधिकारही आला. तसा अधिकार पोथीत कुठे दिसत नाही. ‘सालगडी’च बरोबर.

जुनी_पोथी
मग काळाबद्दल लिहायला हवं, कारण तिथे बरीच गल्लत होते. पारंपरिक चरित्रांत जन्म १०८२ च्या सुमारास आणि मृत्यू ११७२, म्हणजे नव्वदीचं आयुष्य. दुसरीकडे मृत्यूचं वर्ष ११३० दिलेलं असतं.

२०२२ मध्ये त्यांच्या मृतदेहाचा सीटी स्कॅन झाला आणि माद्रिदच्या कोम्प्लुतेन्से विद्यापीठातल्या अभ्यासकांनी तो तपासला. निष्कर्ष असा: पुरुष, मृत्यूसमयी वय साधारण ३५ ते ४५, उंची १६७ ते १८६ सेंटिमीटरच्या दरम्यान. वरच्या जबड्यात दातांच्या संसर्गाच्या खुणा आहेत आणि त्या काळात असा संसर्ग जिवावर बेतू शकत होता. गळ्याच्या भागात एक नाणंही दिसलं, ते पंधराव्या शतकातलं, राजा चौथ्या एन्रिकेच्या काळचं असावं.

देह त्यांचाच असं धरून चाललं, तर नव्वद वर्षांचं आयुष्य बसत नाही. ११७२ ठेवायचं तर जन्म ११३० च्या आसपास आणावा लागेल, १०८२ ठेवायचं तर मृत्यू ११३० च्या आधीचा. दोन्ही टोकं एकदम धरता येत नाहीत. नाण्याचा अर्थ एवढाच की पंधराव्या शतकात पेटी उघडली गेली होती आणि कुणीतरी श्रद्धेने ते आत ठेवलं. त्यावरून देहाचा काळ ठरवू नये.

बांधावरची_बोर
देह इतकी शतकं टिकला कसा? पुरण्याची काही वेगळी पद्धत होती का?

जुनी_पोथी
पोथीप्रमाणे त्यांना सान आंद्रेस देवळाच्या दफनभूमीत साधं पुरलं. चाळीस वर्षं कुणी लक्ष दिलं नाही, पावसाळ्यात वाहतं पाणी त्या जागेवरून जायचं. मग लोकांनी देह बाहेर काढला तो न कुजलेला आणि देवळात आणून ठेवला. श्रद्धावंत याला चमत्कार मानतात. देह आज सुकून ममीसारखा झालेला आहे.

तो कायम नीट सांभाळला गेला असंही नाही. पेटी उघडली की अवशेष हवा असणारे हात पुढे यायचे. राणी इसाबेलच्या एका दासीने पायाचं बोट चावून नेलं, अशी गोष्ट माद्रिदमध्ये सांगतात. म्हणूनच पुढे पेटीला अनेक कुलपं आली आणि किल्ल्या वेगवेगळ्या हातांत गेल्या.

मध्ययुगीन रंगवलेली लाकडी पेटी वेगळी. तिच्यावर त्यांच्या आयुष्यातले प्रसंग चितारले आहेत आणि ती आज आल्मुदेना कॅथीड्रलमध्ये आहे. देह तिथे नाही. तो तोलेदो रस्त्यावरच्या सान इसिद्रो देवळात आहे, १७६९ पासून. बरेच जण कॅथीड्रलमधली पेटी पाहून देह पाहिला असं समजतात.

मांडवीकाठ
गोव्याच्या वाचकांसाठी यात दोन धागे आहेत.

इसिद्रो आणि फ्रान्सिस झेवियर एकाच दिवशी संत म्हणून घोषित झाले, १२ मार्च १६२२, रोममध्ये, पोप पंधरावे ग्रेगरी यांच्या हस्ते. सोबत इग्नेशियस लॉयोला, आविलाची तेरेसा आणि फिलिप नेरी. झेवियर १५५२ मध्ये वारले, म्हणजे सत्तर वर्षांत. इसिद्रोंना साडेचारशेच्या वर लागली. समारंभ मुळात इसिद्रोंसाठी ठरला होता, खर्च माद्रिदने उचलला होता आणि सेंट पीटर्समधली सजावटही त्यांच्या चमत्कारांची होती. बाकीची नावं नंतर जोडली गेली. तरी औपचारिक फर्मान मात्र झेवियरचं १६२३ मध्ये निघालं आणि इसिद्रोंचं १७२४ मध्ये. पाठपुरावा करणारा संघ पाठीशी असला की कागद हलतात. शेतमजुराच्या मागे एक शहर होतं, पण धर्मसंघ नव्हता.

दुसरा धागा: इसिद्रोंचा देह आज ज्या देवळात आहे ते मूळचं जेझुइटांचं, म्हणजे झेवियरच्याच धर्मसंघाचं, झेवियरच्या नावे बांधलेलं. १७६७ मध्ये जेझुइटांना स्पेनमधून घालवल्यावर तिसऱ्या कार्लोसने ते इसिद्रोंना दिलं.

जुनी_पोथी
साडेचारशे वर्षं का लागली, त्याचं कारण प्रक्रियेत आहे. १५८८ मध्ये पोप पाचव्या सिक्स्टसने धर्मविधी आणि संतपदाची प्रकरणं बघणारं मंडळ स्थापन केल्यावर क्रम साधारण असा झाला: आधी स्थानिक बिशपची चौकशी, मग रोमच्या पत्रान्वये दुसरी चौकशी, साक्षी, मग रोता या पोपच्या न्यायालयाच्या परीक्षकांचा अहवाल, मग मंडळ, शेवटी पोप. प्रत्येक टप्प्याला साक्षीदार लागतात, आणि बाराव्या शतकातल्या गड्याचा साक्षीदार सोळाव्या शतकात कुठून आणणार? म्हणून दोन गोष्टींवर भिस्त होती: अखंड चालत आलेली भक्ती आणि ही छोटी पोथी. ती हरवली असती तर प्रकरण उभं राहणं कठीण होतं.

राजाश्रयाचाही वाटा होता. १५६१ मध्ये दुसऱ्या फेलिपेने दरबार माद्रिदला आणला आणि राजधानीला स्वतःचा संत हवासा झाला. १६१९ मध्ये इसिद्रोंना धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं गेलं. त्याच वर्षी तिसरा फेलिपे पोर्तुगालहून परतताना वाटेत गंभीर आजारी पडला, तेव्हा इसिद्रोंचा देह माद्रिदहून त्याच्या उशापाशी नेला होता.

बांधावरची_बोर
आणि पत्नी? मारिया दे ला काबेसा?

रानवाट
‘काबेसा’ म्हणजे डोकं. ते आडनाव नाही. त्यांचं मस्तक वेगळं जपलेलं होतं आणि अवर्षणात पावसासाठी त्याची मिरवणूक काढत, त्यावरून हे नाव पडलं. १६९७ मध्ये त्यांच्या भक्तीला रोमने मान्यता दिली. रिकामी हंडी बघायला आत जाणारी पोथीतली निनावी बायको ती हीच. नवऱ्याने सांगितलं आणि ती गेली, एवढंच पोथी म्हणते. हंडी रिकामी आहे हे तिला ठाऊक होतं, तरी ती उठली. मला तो क्षण नांगरटीच्या प्रसंगाइतकाच मोठा वाटतो.

मांडवीकाठ
मूर्ती किंवा चित्र ओळखताना दोन इसिदोरांत गोंधळ होतो, विशेषतः इंटरनेटवर. सेव्हिलचे इसिदोर सातव्या शतकातले बिशप, विद्वान: हातात ग्रंथ, डोक्यावर बिशपची टोपी, सण ४ एप्रिल. माद्रिदचे इसिद्रो: हातात लांब पराणी किंवा कुदळ, पायाशी छोटी बैलजोडी, सण १५ मे. मूर्तीवरचे कपडे बाराव्या शतकातले नसतात. गुडघ्यापर्यंतची विजार, उंच बूट, पट्टा हा सतराव्या शतकातल्या कास्तीयी शेतकऱ्याचा पोशाख, कारण बहुतेक मूर्ती १६२० नंतर घडल्या. पराणीच्या टोकाला चपटं पातं दिसलं तर ते भाल्याचं नव्हे, वर औतकाठी यांनी सांगितलेली माती खरवडायची खुरपणी आहे.

तव्यावरून
१५ मे ला माद्रिदकर मान्सानारेस नदीपलीकडच्या माळावर, इसिद्रोंच्या छोट्या देवळापाशी जातात, झऱ्याचं पाणी पितात आणि रोस्कियास खातात. चित्रकार गोयाने १७८८ मध्ये हाच माळ रंगवला, ते चित्र माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे. रोस्कियास म्हणजे भाजलेली गोल कडी. चार प्रकार: ‘तोंतास’ साधी, ‘लिस्तास’ लिंबाच्या पाकाची, ‘सांता क्लारा’ पांढऱ्या मेरिंगची (अंड्याचा पांढरा भाग आणि साखर यांचा फेस), ‘फ्रान्सेसास’ बदामाच्या चुऱ्याची. पीठ सगळ्यांचं एकच.

प्रमाण: मैदा ५०० ग्रॅम, अंडी ४, साखर २०० ग्रॅम, सौम्य ऑलिव्ह तेल १५० मिली, अनिस १ मोठा चमचा (दिसायला आपल्या बडीशेपेसारखी, पण दाणा बारीक आणि गोडसर), बेकिंग पावडर अर्धा चमचा. अनिसची दारू २ चमचे घालतात, नसली तरी चालतं.

तेल मंद आचेवर तापवून त्यात अनिस टाका, वास सुटला की लगेच उतरवा आणि पूर्ण गार होऊ द्या. तेल गरम राहिलं तर अंडी शिजून गाठी होतात, दाणे काळे पडले तर कडूपणा जात नाही. अंडी आणि साखर फेसून त्यात तेल, मग मैदा थोडा थोडा. पीठ हाताला किंचित चिकटेल असंच ठेवायचं. इथेच बहुतेकांचं चुकतं: चिकटतंय म्हणून मैदा वाढवतात आणि कडी दगडासारखी होतात. त्याऐवजी हाताला तेल लावा आणि पीठ अर्धा तास झाकून ठेवा. लिंबाएवढे गोळे, मधोमध बोटाने भोक, ते नेहमीपेक्षा मोठं करा कारण भाजताना मिटतं. १८० अंशांवर साधारण २० मिनिटं.

लिस्तासच्या थरासाठी २०० ग्रॅम पिठीसाखर, फेटलेलं १ अंडं, २ चमचे लिंबाचा रस. कडी पूर्ण गार झाल्यावरच बुडवायची, नाहीतर थर ओघळतो. नंतर मंद ओव्हनमध्ये पाच मिनिटं, म्हणजे चिकट राहत नाही.

औतकाठी
फिलिपिन्समध्येही हा सण मोठा आहे. केसोन प्रांतातल्या लुकबानमध्ये १५ मे ला ‘पाहियास’: मिरवणुकीच्या वाटेवरची घरं भात, भाज्या, फळं आणि ‘किपिंग’ने मढवतात. वाट दरवर्षी बदलते, म्हणजे प्रत्येक गल्लीची पाळी येते.

किपिंग म्हणजे आपल्या पानावरच्या तांदळाच्या फेण्यांची सख्खी बहीण. तांदूळ भिजवून वाटायचे, चिमूटभर मीठ, रंग. मिश्रण पातळ हवं. धुऊन पुसलेल्या रुंद पानावर, कॉफीच्या किंवा तशा शिरा उठून दिसणाऱ्या पानावर, पातळ पसरायचं आणि काही मिनिटं वाफवायचं. गार झाल्याशिवाय सोडवायला गेलात तर फाटते. सोडवल्यावर वजनाखाली सपाट ठेवून सावलीत वाळवायची. कडक उन्हात वाकते आणि तडकते. पानाच्या शिरा तिच्यावर उमटतात. अशा शेकडो किपिंगची झुंबरं करून खिडक्यांत टांगतात. सण झाला की भाजून किंवा तळून खातात.

मांडवीकाठ
तारखेकडेही बघायला हवं. कास्तीयमध्ये १५ मे ला गहू निसवून दाणा भरत असतो. पाऊस हवा असतो, पण गारा किंवा सततची झड आली तर पीक लोळतं. म्हणून तिथल्या पोरांच्या ओळी दोन्ही तऱ्हांनी म्हणतात: ‘सान इसिद्रो, पाऊस घालव, ऊन आण’ आणि उलटही. लुकबानमध्ये तोच दिवस हाती आलेल्या पिकाच्या कृतज्ञतेचा. गोव्यात त्या वेळी रान कोरडं, पेरणीची वाट बघणारं. त्यामुळे आपल्याकडे नव्या कणसांचा सण ऑगस्टात येतो, रायला ५ तारखेला आणि ताळगावला २१ तारखेला, आणि तो इसिद्रोंच्या नावाचा नाही.

बांधावरची_बोर
माद्रिदला जाणाऱ्याने कुठल्या क्रमाने पाहावं?

जुनी_पोथी
सान आंद्रेस चौकातल्या इसिद्रो संग्रहालयापासून सुरुवात करा. चमत्काराची विहीर तिथेच दाखवतात. ती बघताना लक्षात ठेवा की ही गोष्ट पोथीत नाही. शेजारीच सान आंद्रेसचं देऊळ, त्याच्याच दफनभूमीत त्यांना पुरलं होतं. तिथून तोलेदो रस्त्याने चालत काही मिनिटांवर सान इसिद्रो देऊळ. मुख्य वेदीच्या वरच्या पेटीत देह आहे, ती एरवी बंद असते. २०२२ च्या मे महिन्यात काही दिवस दर्शनासाठी उघडली होती. मग आल्मुदेना, रंगवलेल्या पेटीसाठी. नदीपलीकडचा माळ शेवटी, तिथल्या देवळाची आत्ताची इमारत १७२५ ची आहे. १५ मे ला जाणार असाल तर झऱ्यावर सकाळी लवकर पोहोचा, दुपारी रांग फार लांबते. पाण्यासाठी रिकामी बाटली सोबत ठेवा.